फलकावर मेस्त्रींचं नाव लिहा

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य, आमची ग्रामपंचायत,
गावकीचे मानकरी
आणि मुंबई मंडळाचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

2017 ते 2022 या काळात मेस्त्री आपले सरपंच होते, पण ग्रामपंचायतीतल्या सरपंचांच्या फलकावर त्यांचं नाव नाही. या विषयावर मी मे महिन्यात ग्रामपंचायतीत साधा अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. जूनमध्ये स्मरणपत्र दिलं. त्याचीही पोच माझ्याजवळ आहे. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना फोन केले तर ‘गणपतीला येऊ तेव्हा बोलू’ म्हणाले. गणपती अजून लांब आहे आणि तोवर फलकाची सवय होऊन जाईल, हीच मला भीती आहे. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते.

गावाचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. राजापूर तालुका, वर सडा म्हणजे कातळाचं पठार, खाली खाडी, एवढं पुरे. गावाची बदनामी मला करायची नाही, याच गावात मला राहायचं आहे. मेस्त्रींचं पूर्ण नावही या पत्रात नाही. ते घालू का म्हणून मी त्यांच्या पत्नीला, मेस्त्रीणकाकींना, विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “आधी फलकावर येऊ दे, मग कुठेही लिही.”

1 मेला ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर काळ्या ग्रॅनाइटचा फलक दिसतो, ‘आजवरचे सरपंच’. सोनेरी अक्षरं, कोरीव काम, दिसायला सुरेख. मी चष्मा लावून वरून खाली वाचत आले आणि 2017 ते 2022 या ओळीवर थांबले. तिथे मेस्त्रींचं नाव नाही. त्या काळातल्या उपसरपंचांचं आहे.

त्या पाच वर्षांत प्रभाग क्रमांक 2 मधून, सर्वसाधारण महिला जागेवर, मी सदस्य होते. दर मासिक सभेला त्या टेबलाशी बसले, प्रोसिडिंगवर सह्या केल्या. अध्यक्षस्थानी कोण होतं हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही.

मी तिथेच विचारलं. सरपंच म्हणाले, “शेवटी कारभार उपसरपंचांनीच बघितला ना.” यातलं अर्धं खरं आहे. मेस्त्री आजारी पडले, तेव्हा मुदतीचे शेवटचे सहा-सात महिने उपसरपंचांनी काम चालवलं आणि नीट चालवलं. त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही. तेच मला बाहेर येऊन म्हणाले की माझं नाव घालताना मला कोणी विचारलं नाही. पण सहा-सात महिन्यांच्या प्रभारीपणासाठी निवडून आलेल्या सरपंचाची पाच वर्षं पुसता येत नाहीत.

मग मागून एक आवाज आला, “आणि तो कुठं आपल्या गावचा होता?”

कोण बोललं ते मला ठाऊक आहे, लिहीत नाही. लिहायचं आहे ते पुढचं. दालनात साठ-सत्तर माणसं असतील, एकानेही हरकत घेतली नाही. पेढे वाटायला सुरुवात झाली. मीसुद्धा पेढा घेतला आणि घरी आले. त्या रात्री झोप लागली नाही. हे पत्र त्या गप्प बसण्यातून आलेलं आहे.

मेस्त्री कुठले होते, ते आता सांगते. कारण नव्या पोरांना ते माहीत नाही आणि जुन्यांनी विसरायचं ठरवलेलं दिसतं.

ते विजापूर जिल्ह्यातले, ज्याला आता विजयपूर म्हणतात. लमाणी तांड्यावर जन्मले. 1972 च्या दुष्काळाने तिकडची माणसं देशोधडीला लागली, तेव्हा आईबापांसोबत सहा-सात वर्षांचे असताना आपल्या सड्यावरच्या चिरेखाणीवर आले. त्या वेळी यंत्रं नव्हती. जांभा टिकावाने फोडायचा, हाताने तासून चिरा काढायचा. पावसाआधी खाण बंद झाली की बाकीचे मजूर आपापल्या गावी परतायचे. यांचं परतायला काही उरलं नव्हतं. त्या कुटुंबाने पहिला पावसाळा आपल्या जिल्हा परिषद शाळेच्या पडवीत काढला. गुरुजींनी पोराला वर्गात ओढलं, पाटी दिली. चौथीपर्यंत शिकले. घरी लमाणी, बाजारात कानडी आणि आमच्याशी आमच्यापेक्षा अस्सल गावची बोली. माझं माहेर देवगडकडचं. लग्न होऊन आले तेव्हा इथल्या बोलीतले कितीतरी शब्द मला त्यांनीच समजावून सांगितले.

इथे थोडं थांबते. मी या गावात आले ती लग्नाची पिशवी आणि दोन ट्रंका घेऊन. इथली वाट, इथला देव, इथलं पाणी, मला काही ठाऊक नव्हतं. वर्षाच्या आत माझं नाव रेशनकार्डावर चढलं, मतदारयादीत आलं. तुमच्यातल्या प्रत्येकाची आई, बायको, सून अशीच बाहेरून आलेली आहे. आम्हाला कोणी विचारलं नाही की तू कुठली. मेस्त्रींना रेशनकार्ड मिळायला वीसहून जास्त वर्षं लागली. दाखला आणा, मूळ गावचा आणा, बापाचा आणा. बापाकडे कागद म्हणून एकच होता, मुकादमाच्या वहीतला अंगठा.

त्या अंगठ्याची गोष्ट त्यांनी मला एकदा सांगितली होती. बापाने उचल घेतली होती आणि किती घेतली ते वाचता येत नसल्याने मुकादम सांगेल तेवढी फेडत राहिला. म्हणून सरपंच झाल्यावर मेस्त्री प्रत्येक ठराव सही करण्याआधी स्वतः वाचायचे. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, सावकाश. ग्रामसेवक घड्याळ बघायचे, आम्ही सदस्य चुळबुळ करायचो. ते शेवटच्या ओळीपर्यंत जायचे आणि मग खिशातलं पेन काढायचे. दोनदा त्या वाचनात आकडा चुकलेला सापडला. त्यानंतर आम्ही चुळबुळ बंद केली.

चौदाव्या-पंधराव्या वर्षी ते गवंड्याच्या हाताखाली लागले आणि पुढे गाव त्यांना मेस्त्री म्हणू लागला. कोकण रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा काही वर्षं मोऱ्यांच्या बांधकामावर होते. 26 जानेवारी 1998 ला गाडी पूर्ण मार्गावर सुरू झाली. गणपतीला त्याच मार्गाने तुम्ही सगळे येता. आपल्या गावात किती घरांची जोती त्यांच्या ओळंब्याने उभी राहिली, ते ज्याने त्याने आपल्या घरात पाहावं. आमच्या घराचं आहे. पन्नास पावसाळे नाही, पण पंचवीस तरी झाले असतील, एक चिरा हललेला नाही.

राजकारणात ते पाण्यामुळे आले. वरच्या वाडीच्या विहिरी फेब्रुवारी सरता सरता तळ दाखवायच्या, मार्चपासून बाया हंडे घेऊन अर्ध्या डोंगरातून खाली यायच्या. मेस्त्रींनी पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारे घालायला सुरुवात केली. दिवाळी झाली की घरोघर फिरून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा करायचे. ज्याच्या घराचं काम केलं त्याला आधीच सांगून ठेवायचे, गोण्या फेकू नका. त्यात माती भरायची, तोंड शिवायचं, एकावर एक रचायच्या. शिवायचं काम ते दुसऱ्यावर सोपवत नसत. दाभण, सुतळी आणि गुडघ्यात धरलेली गोणी. टाका कुठे सैल राहिला तर पाणी पहिल्यांदा तिथूनच माती ओढतं, म्हणायचे. मी पहिल्यांदा श्रमदानाला गेले तेव्हा मी शिवलेल्या तीन गोण्या त्यांनी काही न बोलता उसवल्या आणि पुन्हा शिवल्या. मला राग आला होता. त्या वर्षी वरच्या वाडीची मोठी विहीर एप्रिलच्या मध्यापर्यंत टिकली.

त्या वाडीने त्यांना 2007 ला उभं केलं. पडले. 2012 ला निवडून आले. यातली एक गोष्ट बाहेरच्या वाचकांना कळावी म्हणून सांगते. लमाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. इथल्या विमुक्त जातीचा दाखला हवा तर 21 नोव्हेंबर 1961 आधीपासून महाराष्ट्रातलं वास्तव्य दाखवावं लागतं. मेस्त्रींचं कुटुंब आलं त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी. तिकडचा दाखला इथे चालत नाही, इकडचा मिळत नाही. म्हणजे राखीव जागेचा दरवाजा त्यांना कायम बंद. ते प्रत्येक वेळी खुल्या जागेवर लढले, गावातल्या जमीनदार, भावकीवाल्या, मानपान असलेल्या उमेदवारांसमोर. त्यांना भावकी नव्हतीच.

2017 ला सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा झाला. त्या फेरीत आपल्या गावचं सरपंचपद खुलं होतं. प्रचारात ‘कानडी सरपंच’ म्हणून कुजबुज झाली, ती ऐकलेले कान अजून गावात आहेत. तरी ते निवडून आले. सदस्यांनी पाच-सात हात वर करून बसवलेला सरपंच नव्हता हा. गावाने मत देऊन बसवला होता. फलकावरून नाव काढताना तुम्ही मेस्त्रींचं तर काढलंच, पण ज्यांनी ते मत दिलं त्यांचंही काढलं. त्यात मी आहे.

निकालानंतर दोन महिन्यांत त्यांच्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला, सरकारी जागेवर अतिक्रमण करून घर बांधलं म्हणून. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 प्रमाणे तसं सिद्ध झालं असतं तर पद गेलं असतं. मोजणी झाली. घर सरकारी जागेत नव्हतं, अर्ज फेटाळला गेला. अर्जदाराच्या मुलीचं लग्न त्याच वर्षी होतं. मांडवासाठी अंगण सारखं करून द्यायला मेस्त्री स्वतः गेले होते. मी पाहिलं आहे.

आता 2020 च्या मे महिन्याकडे येते. मुंबई मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

करोनाने मुंबई बंद होती. नालासोपारा, दिवा, विरार, लालबाग, सगळीकडून आपली माणसं गावाकडे निघाली होती. गावोगाव रस्त्यावर ओंडके टाकले होते. आपल्याही गावात बैठक झाली आणि अनेकांचं मत पडलं की कोणालाही घ्यायचं नाही. माझे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं नालासोपाऱ्याच्या एका खोलीत दोन महिने बसून होती. दिरांचा फोन आला तेव्हा आमच्या घरातच एकमत होईना. सासूबाई घाबरल्या होत्या. मी स्वतः फोनवर म्हणाले, “थोडे दिवस थांबता का?” सख्ख्या दिराला. हे कबूल करायला मला आज पाच वर्षांनीही जड जातं.

ग्राम कृती दलाचे अध्यक्ष म्हणून सरपंचांना निर्णय घ्यायचा होता. मेस्त्री म्हणाले, येऊ द्या, शाळेत ठेवू, चौदा दिवस. वर्गखोल्या धुतल्या. शाळेच्या संडासात पाणी येत नव्हतं तर स्वतः पाइप जोडून टाकी चढवली. मच्छरदाण्या गोळा केल्या. मी त्यांना विचारलं होतं की एवढं अंगावर का घेता, उद्या काही झालं तर गाव तुम्हालाच धरेल. ते पाइपाला सोल्युशन लावत होते. वर न बघता म्हणाले, “वहिनी, त्या पडवीत मी झोपलोय लहानपणी. पश्चिमेकडून झड येते. तिकडच्या खिडकीला प्लास्टिक लावायला पाहिजे.”

दिराच्या मुलीला तिसऱ्या दिवशी ताप आला. साधाच निघाला, पण ते कळेपर्यंतची रात्र मोठी होती. शाळेच्या फाटकाबाहेर आंब्याच्या पाराशी मेस्त्री खुर्ची टाकून बसून राहिले. आम्ही सख्खे लोक दोनशे पावलांवर घरात होतो. पहाटे मी पेज घेऊन गेले तर म्हणाले, फाटकावर ठेवा, मी आत देतो.

त्या उन्हाळ्यात शाळेत राहून गेलेल्यांची यादी ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला आहे. आज मंडळावर असलेल्या पदाधिकाऱ्यांतले काहीजण त्या यादीत आहेत. आणि मंडळाने या वर्षी काढलेल्या स्मरणिकेत करोनाकाळावर चार पानं आहेत, ज्यांनी तांदूळ पाठवले त्यांची नावं आहेत, ज्यांनी सॅनिटायझर दिलं त्यांची आहेत. सरपंचाचं नाव नाही. ‘तत्कालीन ग्रामपंचायत’ एवढे दोन शब्द आहेत.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. कलमं पडली, खांब पडले, चार दिवस वीज नव्हती. त्याबद्दल फार लिहीत नाही. पंचनाम्यात एकही घर सुटलं नाही, इतकंच.

त्याच वर्षाच्या शेवटी ते खोकू लागले. खाणीत, सिमेंटात आयुष्य गेलेलं. 2022 ला मुदत संपली, 2023 च्या पावसाळ्यात गेले. अंत्ययात्रेला गाव आला होता, हे मी मान्य करते. जे झालं ते त्यानंतर.

फलकाबद्दल लिहिलंच. दुसरी गोष्ट घराची. मेस्त्रींनी दोन गुंठे जागा साठेखतावर घेतली होती. ते शेतकरी नसल्याने कूळकायद्याप्रमाणे शेतजमीन त्यांच्या नावे होत नव्हती, ज्यांनी दिली त्यांनाही हे ठाऊक होतं आणि त्यांनी कधी तक्रार केली नाही. सातबारा त्यांच्या नावे नाही. पण घराची आकारणी पहिल्यापासून ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला मेस्त्रींच्या नावे आहे आणि घरपट्टी एकही वर्ष थकलेली नाही. त्यांच्या पश्चात काकींनी वारस म्हणून नाव लावायचा अर्ज दिला त्याला आता दीड वर्ष झालं. एकदा मृत्यूचा दाखला मागितला, दिला. मग वारसांचं प्रतिज्ञापत्र मागितलं, दिलं. मग सांगितलं की जागेचा प्रश्न आहे, बघू. नमुना 8 हा कराचा कागद आहे, मालकीचा नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्याच काळात गावातल्या इतरांच्या वारसनोंदी मासिक सभेत मंजूर झाल्या. प्रोसिडिंगची नक्कल मी माहितीच्या अधिकारात घेतली आहे. काकींचा अर्ज एकाही सभेपुढे ठेवलेला नाही. नामंजूर केला असता तर अपील तरी करता आलं असतं.

तिसरी गोष्ट लिहिताना हात जड होतो, कारण ती देवाची आहे.

शिमग्याला पालखी घरोघर येते. मेस्त्रींच्या घरी ती मानाने येत नसे, कारण मानकऱ्यांच्या वहीत त्यांचं घर नाही. पण वाटेवरचं घर म्हणून अंगणात टेकायची. सरपंच असतानाही तशीच टेकायची, त्यांनी कधी जास्त मान मागितला नाही. ते गेले त्याच्या पुढच्या शिमग्याला वर्ष झालं नव्हतं, तेव्हा प्रश्न नव्हता. यंदा काकींनी अंगण सारवलं, रांगोळी घातली. ओटीचं ताट केलं: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. मी सोबत होते. ढोल जवळ आला तशा त्या पदर सारखा करून पायरीवर उभ्या राहिल्या. पालखी फाटकासमोर आली, खांदेकऱ्यांचा पाय क्षणभर अडखळला, मागून कोणीतरी “चला, चला” म्हणालं आणि पालखी पुढे गेली. काकी ताट धरून उभ्याच होत्या. ढोल पुढच्या वाडीत पोचला तरी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “येताना थांबेल.” परतीची वाट दुसरीकडून आहे हे त्यांना चाळीस वर्षं माहीत आहे.

मानकऱ्यांनो, रूढी तुमच्या हातात आहे आणि त्यात मी बाईमाणसाने बोलू नये असं तुमच्यातले काही म्हणतील. पण ही रूढी नव्हती. रूढी टेकायची होती, ती यंदा मोडली. कोणाच्या सांगण्यावरून मोडली ते गावाला कळलं पाहिजे. एखाद्या कुटुंबाला देवकार्यात वगळणं हा सामाजिक बहिष्काराचा भाग होऊ शकतो आणि महाराष्ट्रात त्याविरुद्ध 2016 चा कायदा आहे, जुलै 2017 पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. काकींना पोलिसात जायचं नाही, मलाही नाही. कायदा आहे एवढं माहीत असू द्या.

आता ‘आपल्या गावचा’ या शब्दाबद्दल. 1958 च्या कायद्यात निवडणूक लढवायला मतदारयादीत नाव आणि वयाची 21 वर्षं लागतात, पिढ्या लागत नाहीत. राज्यघटनेच्या 19 व्या कलमाने या देशातला नागरिक देशात कुठेही राहू शकतो, वसू शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या गावातल्या किती घरांची चूल मुंबईच्या मनीऑर्डरवर पेटली? गिरणीत गेलेले माझे सासरे परळच्या चाळीत एका खोलीत बाराजण राहायचे. 1982 च्या संपानंतर परत आले ते हात हलवत. मुंबईने त्यांना कधी आपलं म्हटलं, कधी नाही म्हटलं. त्यांना ते आयुष्यभर लागून राहिलं होतं. ज्याच्या घरात हे झालं आहे त्याच्या तोंडी ‘तो कुठला आपला’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

माझं म्हणणं येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे विषयपत्रिकेवर घ्यावं. मागण्या अशा:

फलकावर 2017 ते 2022 या ओळीत सरपंच म्हणून मेस्त्रींचं पूर्ण नाव कोरावं. उपसरपंचांचं नाव प्रभारी म्हणून, महिन्यांसह, खाली घालावं, तो त्यांचा हक्क आहे. दगड बदलायचा खर्च ग्रामपंचायतीला झेपत नसेल तर आम्ही त्या वेळचे चार सदस्य तो देतो, तसं लेखी दिलं आहे.

काकींचा वारसनोंदीचा अर्ज पुढच्याच मासिक सभेत ठेवावा. मंजूर करा किंवा नामंजूर करा, पण कारणासह लेखी द्या.

मानकऱ्यांनी गावबैठक बोलवून पालखी त्या अंगणात पूर्वीसारखी टेकेल हे येत्या शिमग्याआधी सांगावं. नवा मान कोणी मागत नाही.

मंडळाने स्मरणिकेत एक पान घालून चूक दुरुस्त करावी. पान छापून झालं तर वाटायला मी स्वतः घरोघर जाईन.

आणखी एक आहे. ते मेस्त्रींचं अपुरं राहिलेलं काम आहे. सड्यावरच्या खाणीवर आजही विजयपूर, बागलकोटकडून कुटुंबं येतात. आता यंत्रं आली, चिरा यंत्राने कापतात, पण लाल धुळीत खेळणारी पोरं तीच आहेत. सहा ते चौदा वयाचं मूल शाळेच्या दारात आलं तर कागद नाहीत म्हणून परत पाठवता येत नाही, शिक्षण हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. 2019 ला मेस्त्रींनी खाणीवर जाऊन अशा मुलांची यादी केली होती आणि त्यांना शाळेत आणायला स्वतः टेम्पो लावला होता. गेली तीन वर्षं यादी झालेली नाही. नोव्हेंबरात खाणी सुरू होतील. त्याआधी ग्रामपंचायत, शाळा आणि अंगणवाडी मिळून यादी करावी. पाणीही द्यावं, तिथल्या बाया खाणीत साठलेलं पाणी भरतात.

यातलं कुठलंही विधान चुकीचं असेल तर दाखवा, मी जाहीरपणे मागे घेईन. प्रोसिडिंगच्या नकला, रजिस्टरची पानं, अर्जांच्या पोचा माझ्याजवळ आहेत. कोणालाही घरी येऊन पाहता येतील, चहाही मिळेल.

15 ऑगस्टला झेंडावंदनानंतर मी ग्रामसभेला बसणार आहे. काकीही येणार आहेत. त्यांनी मला विचारलं, माझं नाव आहे ना गं यादीत? मी मतदारयादी उघडून अनुक्रमांकावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी तो आकडा पाटीवर लिहून देवाजवळ ठेवला आहे.

आपली,
माजी सदस्य (2017–2022), प्रभाग क्रमांक 2